तिखाडीच्या तेलाचा नेम

फिनाईलशी माझं वैर महिला मंडळातल्या एका भाषणापासून सुरू झालं. भाषण माझंच होतं. 'रसायनांविना स्वच्छ घर' हा विषय मीच सुचवला, मीच बोलले, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्यावर सगळ्यांत जास्त पटलं तेही मलाच. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात नुकतेच राहायला आलो होतो, आणि नव्या वस्तीत आपलं काहीतरी नाव व्हावं अशी मला फार हौस होती.

संत्र्याच्या वाळवलेल्या साली, रिठे आणि गुळाचा खडा माठात घालून आठ दिवस आंबवायचं, गाळून घ्यायचं आणि वरून तिखाडीचं तेल टाकायचं, अशी माझी कृती होती. तिखाडी हे आमच्याकडच्या रानातलं वासाचं गवत. त्याचं तेल माझा भाऊ पारशिवनीहून आणून द्यायचा. आमच्याकडे म्हातारी माणसं ते गुडघ्यांना चोळतात, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण भाषणाच्या भरात ती मी साफ विसरले.

पहिल्याच आठवड्यात शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "काहून वं, सासूबाई आल्या का? गुडघे धरले वाटते त्यांचे."

"नाही, फरशी पुसली," मी म्हणाले.

"हाव का!" ती म्हणाली आणि आत न येताच परत गेली. आमच्या ह्यांचं तर रोज सुरू असायचं. ऑफिसातून आले की दारातच थांबायचे आणि म्हणायचे, "घरात पाय टाकला की मलेच लंगडावंसं वाटते." मी दुर्लक्ष करायचे. मोठ्या कामात घरचेच लोक आधी आडवे येतात, हे मी भाषणात सांगितलंही होतं.

पण नुसती फरशी स्वच्छ करून मी थांबणारी नव्हते. मला मुलीलाही घडवायचं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. चित्र काढायला घ्यायची आणि अर्धवट टाकायची, भरतकाम एका पाकळीवर सोडून द्यायची. घेतलेलं काम तडीस न्यायची सवय हिला लावायचीच, असं मी ठरवलं.

मुहूर्त सापडला मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि रोगराई, ढेकूण, डास सगळे तिच्यासोबत जावेत म्हणून त्या सकाळी लोक घर झाडून दारात ओरडतात. त्या वर्षी मी फिनाईलची अर्धी बाटली हातात घेऊन रस्त्यापर्यंत गेले, कचऱ्याच्या ढिगावर भिरकावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "फिनाईल घेऊन जा गे मारबत!" लोक हसले. मला ती दाद वाटली.

तिथंच मी मुलीला समोर उभं केलं. "आजपासून दिवाळीपर्यंत रोज शाळेच्या आधी समोरची खोली तू पुसायची. आपल्या सालीच्या पाण्यानं. नेम धरला की मोडायचा नाही. मी पण नेम धरते, फिनाईल आता या घरात येणार नाही."

"एक दिवस पण नाही?" तिनं विचारलं.

"एक दिवस पण नाही."

"तू पण?"

"हो, मी पण."

तिनं गंभीरपणे मान हलवली. मला भरून आलं. आपण किती चांगली आई आहोत, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

पोरीनं नेम पाळला. चित्रं सोडली तशी फरशी तिनं सोडली नाही. सुटी असो, पाहुणे असोत, सकाळी उठून लहानशी बादली भरायची, बाटलीतलं दोन झाकणं पाणी टाकायची आणि कोपऱ्यापासून पुसत यायची. एकदा तिच्या अंगात ताप होता. "आज राहू दे तिले," हे म्हणाले. मी म्हणाले, "नेम म्हणजे नेम. आज सवलत दिली की उद्यापासून रोजच ताप येते." ती उठली आणि पुसायला बसली. ते आठवलं की मला आजही माझा राग येतो.

इकडे गुळानं आपलं काम केलं. आधी काळ्या मुंग्या आल्या, मागून लाल आल्या, आणि नवरात्रापर्यंत झुरळांनीही बस्तान बसवलं. जितकं पुसावं तितक्या जास्त मुंग्या येत होत्या. हे म्हणाले, "तू फरशी नाही पुसून राहिली, पंगत वाढून राहिली." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. गूळ कमी करावा, हे मात्र मला सुचलं नाही. कृती भाषणात सांगून झाली होती, आता ती कशी बदलणार?

अशात मंडळानं दिवाळीआधी 'आदर्श घर' स्पर्धा ठेवली. अध्यक्षीणबाई स्वतः घरोघरी येऊन पाहणार होत्या. माझं घर पाहायला तर त्या खास उत्सुक होत्या, कारण भाषण माझं झालं होतं. आदल्या दिवशी मी समोरच्या खोलीत पाहिलं, तर मुंग्यांची रांग दारापासून थेट खुर्चीच्या पायापर्यंत गेली होती. भर सभेत नाक कापलं जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

संध्याकाळी मी पदराखाली फिनाईलची बाटली घेऊन आले. सालीच्या पाण्याची बाटली मोरीत रिकामी केली आणि तिच्यातच फिनाईल भरलं. वास झाकायला वरून निलगिरीचे चार थेंब टाकले. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, अशी मनाची समजूत घातली.

सकाळी मुलीनं नेहमीसारखी दोन झाकणं बादलीत टाकली आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. तिनं बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करू लागले. मग ती कोपऱ्यापासून पुसत आली.

अध्यक्षीणबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "बाप्पा! काय प्रसन्न वाटून राहिलं इथं! हा असते निसर्गाचा वास." त्यांच्यासोबतच्या दोघींनीही श्वास घेतला आणि माना डोलावल्या. सगळ्यांच्या घरी जन्मभर फिनाईलच होतं, त्यामुळे स्वच्छतेचा वास कसा असतो हे तिघींच्या नाकांना पक्कं ठाऊक होतं. मी नम्रपणे हसले.

मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "काय वं बेटा, तूच पुसते म्हणे रोज? फिनाईल तर नाही ना टाकत?"

ती खरं बोलली असती तर मी संपले होते. आणि खरं बोल असं तिला रोज मीच सांगत होते.

"नाही काकू," ती म्हणाली. "आमच्या आईचा नेम आहे."

दुपारी मंडळात पहिलं बक्षीस मला मिळालं. स्टीलचा गडू होता, त्यावर 'आदर्श घर' असं कोरलेलं. संध्याकाळी यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि फडताळात ठेवून दिला. मुलगी अंगणात खेळत होती. तिच्याशी काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. 'कधीकधी मोठ्यांना' इथून सुरुवात करून पाहिली, 'परिस्थिती' हा शब्दही बसवून पाहिला. एकही वाक्य धड पूर्ण झालं नाही. जेवणं झाली, ती झोपूनही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. ती रिकामी बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, आज कोणी पाहुणे नाहीत ना यायचे?"

"नाही. काहून?"

"मंग आज सालीच्या पाण्यानं पुसू ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी रागावले तरी असते. तिला खरोखरच एवढंच हवं होतं, कोणत्या दिवशी कोणतं पाणी ते नीट समजून घ्यायचं होतं, म्हणजे तिच्याकडून चूक व्हायला नको.

मी हो म्हणाले.