हिरवा दिवा आणि चुकलेली वेळ

आमच्या ऑफिसात फॉल्ट सापडला की त्याचा रिपोर्ट दोन ओळींत संपतो. किस्सा मात्र कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत दुप्पट होतो, आणि शिरोली एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत गेला की ज्याच्या बाबतीत घडला त्यालाही ओळखू येत नाही! म्हणून म्हटलं, आणखी वाढायच्या आत हे किस्से मीच सांगून टाकावेत.

आधी एवढंच समजून घ्या. मोबाईलच्या सगळ्या टॉवरना एकच वेळ पाळावी लागते. आमचे टायमिंग स्विच ती वेळ उपग्रहांकडून घेतात आणि टॉवरना वाटतात. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातले दोन-चार इकडेतिकडे झाले तरी कॉल तुटायला लागतात. आणि चुकीची वेळ वाटतानाही स्विचचा दिवा हिरवाच!

*

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी आमच्या साळोखे साहेबांना विचारलं, "सर, वेळ चुकतेय हे आपल्याला कळतं कसं?"

"लोक फोन करून शिव्या देतात की!"

"पण कॉलच तुटत असतील तर फोन करणार कसा?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "म्हणून तर आपल्या तक्रारी कमी हायत!"

माझं डोकंच सटकलं. दिव्यावर नाही, प्रत्यक्ष वेळेवर नजर ठेवणारी सिस्टिम मी स्वतः लिहायला घेतली. साहेब म्हणाले, "लिही. पुण्याचे मोठे साहेब आले की दाखव. ते हो म्हणाले तर जिल्हाभर लाव. न्हाय म्हणाले तर हा विषय परत काढायचा न्हाय."

म्हणजे एकच संधी.

*

भिंतीवरच्या जुन्या स्क्रीनवर सगळा जिल्हा कायम हिरवागार असायचा. मी सेटिंग उघडून बघितलं. कुणीतरी अलार्मची मर्यादा इतकी सैल ठेवली होती, की स्विचनं कालची तारीख सांगितली असती तरी चाललं असतं! मी मर्यादा नीट लावली. पाच मिनिटांत अर्धा जिल्हा लाल.

साळोखे साहेब धावत आले. "अगं, काल सगळं बरं होतं! एका दिवसात जिल्हा बिघडवलास?"

*

पाऊस लागला की चंदगडकडच्या एका स्विचला उपग्रह दिसेनासे व्हायचे. खरं तर नुसत्या पावसानं असं होत नाही. मी म्हटलं, केबलमध्ये पाणी शिरतंय. केबल बदलली. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच.

शेवटी आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन सर्जेराव तात्या आणि मी भर पावसात तिथं गेलो. अँटेना एका घराच्या गच्चीवर होता. इवलासा, पांढरा, अळंबीसारखा. त्याच्यावर लोखंडी घमेलं पालथं, आणि घमेल्यावर वीट!

घरमालकीण काकू म्हणाल्या, "भिजत होतं बिचारं. म्हणून झाकलं."

"काकू, त्याला आभाळ दिसायला लागतं!"

काकूंनी वर बघितलं. "ह्या पावसात कुणाला दिसतंय आभाळ?"

*

शिरोलीच्या एका साईटवर दुपारच्या जेवणाआधी वेळ डळमळायची. आलेखात रोज एक टेकडी. फक्त मंगळवार सपाट. मी शेजारच्या फौंड्रीवर संशय घेतला, व्होल्टेज तपासलं, अर्थिंग तपासलं. मंगळवारीही फौंड्री चालूच!

मग एकदा न सांगता गेले. वॉचमन मामांनी जेवणाचा डबा स्विचच्या जाळीवर ठेवला होता. "गरम वारं येतंय न्हवं? भाजी मस्त तापती!" जाळी बंद, स्विच गरम, आतलं घड्याळ बेजार.

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी उपास असतोय माझा."

मी आलेख त्यांच्यापुढं धरला. "पण मामा, गेल्या मंगळवारी एक बारकी टेकडी दिसतेय."

मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरात सांगू नका मॅडम. मटण उरलंतं."

*

पुण्याचे साहेब यायचे होते त्या दिवशी सकाळपासून मी एकेक साईट पुन्हापुन्हा तपासत होते. तात्या जवळ आले. "घाबरू नका मॅडम. सोय केलीया."

"कसली सोय?"

"सगळं हिरवंच दिसलं तर साहेबांना तुमची करामत कळणार कशी? आपल्या हेल्पर बाळूला सांगितलंय, बाराच्या सुमाराला शिरोळला जाऊन तिथल्या अँटेनाची वायर काढ म्हणून."

"तात्या, ही फसवणूक आहे! आत्ताच्या आत्ता त्याला नको म्हणून सांगा!"

"बरं, बरं," म्हणत तात्या वडापाव आणायला गेले.

पुण्याचे साहेब आले. माझ्या स्क्रीनकडं बघत बसले. इतक्या दिवसांच्या दुरुस्त्यांनंतर आता सगळं खरंच हिरवं. "जुन्या स्क्रीनवरपण हिरवंच दिसतं," ते म्हणाले. "फरक काय?"

तेवढ्यात अलार्म वाजला. शिरोळ लाल! स्विच म्हणत होता मी ठणठणीत, आणि वेळ हळूहळू सरकत होती. साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "अरे वा! हे तर आम्हाला पुण्यातसुद्धा दिसत नाही!"

साळोखे साहेब माझ्याकडं बघून चक्क हसले. तात्यांनी वडापावात तोंड घातलं. आणि मला राहवेना.

"सर, हे खरं नाही. आमच्याच माणसानं मुद्दाम वायर काढलीय."

साळोखे साहेबांनी कपाळाला हात लावला. पुण्याचे साहेब थंडपणे म्हणाले, "लावा त्या माणसाला फोन. स्पीकरवर."

तात्यांनी लावला. "बाळू, लाव रं बाबा ती वायर परत. मॅडमनी सगळं सांगून टाकलं."

पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, आणि मग बाळूचा आवाज.

"वायर काढलीय कुठं तात्या? मी अजून जयसिंगपूरच्या स्टँडवरच हाय की! शिरोळची गाडीच आली न्हाय!"