खळ्यावर वाळवलेली होडी

इसम नामे महाबळेश्वर वेळीप. वय साठीच्या आसपास. जन्माचा नक्की दिवस जुन्या गावासोबत सुपा धरणाच्या पाण्यात गेला. राहणार जलाशयाच्या काठी, तालुका जोयडा. व्यवसाय भातशेती आणि जंगलात निघेल ते काम. हुद्दा: तालुक्यातील समस्त शिडाच्या आरमाराचे प्रमुख. आरमारातील एकूण नौका: एक. सदर नौका कारवारहून टेंपोत बसून अणशीचा घाट चढून आली.

नौका आणण्याचं कारण फुला, म्हणजे प्रमुखांची बायको. तिची थोरली बहीण पार्वती जलाशयाच्या पलीकडे राहते. अंगणातून तिकडची टेकडी दिसते, पण रस्त्यानं जायचं तर अर्ध्या तालुक्याला वळसा, आणि फुलाला बस लागते. पार्वतीचे गुडघे गेल्यापासून तीही येत नाही. कित्येक वर्षं दोघी बहिणी फोनवर भांडून भेटीची हौस भागवत होत्या.

बेत असा होता की उळवीची जत्रा झाली की शीड उभारून पलीकडे जायचं आणि चार दिवस राहून यायचं.

होडी जुनी, रंग उडालेली. दिवाळीनंतर आली म्हणून महाबळेश्वरनं ती खळ्यावर ठेवली. खळ्यावर आलेली वस्तू वाळवायची असते. ओलं भात कणगीत गेलं की कुजतं. त्यानं भातासोबत होडीही वाळवली. आज पालथी, उद्या उताणी. ती खडखडीत वाजायला लागली तसा तो खूश झाला. मग बाहेरून घराच्या दाराचा हिरवा रंग दिला. मांडवाचा सरळ बांबू डोलकाठी झाला. मूळचं शीड उंदरांनी खाल्लं होतं, तेव्हा भात झाकायची निळी ताडपत्री कापून शिवली.

जत्रेहून आल्यावर होडी पाण्यात लोटली. शेजारचा झिलू मदतीला होता, म्हणजे मुख्यतः बोलायला. दोघं चढून जरा आत गेले तोच फळ्यांच्या सांध्यासांध्यांतून पाणी आलं.

"म्हाबळेश्वर, तुझ्या जहाजाला झरं फुटलं रं!" झिलू गुडघाभर पाण्यात उतरत म्हणाला. "हितंच भात लाव आता!"

अक्कासाठी भरलेली मिरच्यांची पिशवी काठावरून उचलून फुला घराकडे चालू लागली.

महाबळेश्वरनं तिच्या भावाला फोन लावला. दत्तप्रसाद कारवारात होड्या दुरुस्त करतो. ही होडीही त्यानंच बघून दिलेली.

"वाळवली?" तो ओरडला. "दाजी, होडी म्हंजे मिरची हाय व्हय?"

"मग आता? अजून रंग लावू?"

"बुडवा."

"आँ?"

"धोंडं भरा नि काठाला बुडवून ठेवा. फळ्या पानी पितील, फुगतील, सांधं मिटतील."

हातानं रंगवलेली होडी महाबळेश्वरनं हातानंच बुडवली. त्यानं आरमार बुडवलं, असं झिलूनं गावभर सांगितलं. वृत्त तंतोतंत खरं होतं.

फुला रोज धुणं घेऊन यायची आणि पाण्याखालचा हिरवा आकार बघून जायची. एका सकाळी पिळलेलं लुगडं दगडावर टाकून ती म्हणाली, "काढा की आता. किती पिईल ती?"

धोंडे काढले, पाणी उपसलं. होडी तरंगली. महाबळेश्वरनं सांध्यांवरून तळवा फिरवला आणि वाट पाहिली. नवं पाणी आलं नाही.

"बसतीस?"

"बससारखी हलवू नगा म्हंजे झालं," असं म्हणत ती मिरच्यांची पिशवी घेऊन चढलीसुद्धा.

वाऱ्यानं ताडपत्री फुगली. पलीकडे पार्वती झाडाखाली खुर्ची टाकून बसलीच होती.

"इतक्या वर्सांनी आलीस, ती बी भात झाकायच्या ताडपत्रीवर!" ती ओरडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आनि दाजींची कॉलर कशापायी धरलीस गं?"

फुलानं सगळी वाट ती सोडली नव्हती. तालुक्याच्या नौकानयनाच्या इतिहासात सदर सफर यशस्वी म्हणून नोंदवण्यास हरकत नाही. आरमारप्रमुखांना पोहता येत नाही.