हलक्या धानाची बांधी

एकोडीत मंडईच्या जत्रेतलं नाटक कुठं व्हायचं, हे गोमाजीच्या घशावर ठरत असे. लहानपणच्या तापात त्याचा आवाज जो बसला तो पुन्हा उठला नाही. नाटकाचं वेड मात्र असं, की शेजारच्या गावात तालीम आहे एवढं कळलं तरी हा ताटावरून उठून निघायचा. गावच्या नाटक मंडळाचा अध्यक्ष टेकचंद दरवर्षी राजा व्हायचा, कारण त्याचा गळा तीन शेतं ओलांडून जाई. गोमाजीला कुणी द्वारपालाचंही काम दिलं नाही. काही वर्षं त्याने ते मनाला लावून घेतलं, मग स्वतःचं काम स्वतःच शोधून काढलं.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईला नाटक नसेल तर पाहुणे वर्षभर बोलून दाखवतात. सत्तरच्या आसपास नाट्यगृह कुठलं आणि भोंगा तरी कुठला. धान कापून मोकळं झालेलं शेत, म्हणजे बांधी, घ्यायची, एका टोकाला माती ओढून हातभर उंच मंच करायचा, बांबू रोवून पडदे बांधायचे आणि लोकांनी तणसाच्या पेंढ्यावर बसायचं, झालं थिएटर. पण आवाज प्रत्येक बांधीत सारखा चालत नाही. गोमाजी मंचाच्या जागी उभा राहून त्या घोगऱ्या गळ्याने दोन वाक्यं बोलायचा आणि त्याची बायको वच्छला पार शेवटच्या बांधाच्या धुऱ्यावर उभी राहायची. तिला ऐकू आलं तर ती हात वर करी. "माहा पोचला तं कोनाचाही पोचते," एवढंच त्याचं शास्त्र होतं.

सगळं गाव पालथं घालून अशी एकच बांधी सापडली, आणि ती निघाली गोमाजीचीच. टेकचंदला हा सरळ सरळ डाव वाटला. पण शेवटच्या धुऱ्यावर जाऊन त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मुकाट्याने परत आला.

तेव्हापासून गोमाजीने त्या बांधीत भारी धान लावणं सोडलं. भारी धान पिकतो जास्त, पण मंडईच्या वेळी तो शेतातच उभा असतो. हलका धान दिवाळीच्या आत घरी येतो आणि बांधी नाटकाला मोकळी होते. घरात धान कमी यायचा, पण वच्छलाने कधी तोंड वाकडं केलं नाही. मंचावर जो तो आपला पार्ट करतो, ही बांधी माझा पार्ट, असं तो तिला सांगायचा, आणि ते तिला पटलेलं होतं.

एकोणीसशे शहात्तरच्या सालात दसरा आला तरी बांधी हिरवीगार आणि लोंबीचा पत्ता नाही. बी चुकलं होतं. घरात बियाण्याच्या दोन ढोल्या, कणग्याच म्हणा, शेजारी शेजारी, एकीत हलक्याचं बी, दुसरीत भारीचं. बी राखणं हे आमच्याकडे बाईचं काम, म्हणून गावाने कुणालाही न विचारता निकाल देऊन टाकला. विहिरीवर बाया वच्छलाला ऐकवू लागल्या, आणि टेकचंद चार लोकांत हसून म्हणाला की मंडळाचं नाटक एका बाईने बुडवलं.

वच्छला तळ्यावर धुणं धूत असताना मागच्या नाटकातले राजाचे संवाद घोकत घोकत ढोली उघडली होती ती गोमाजीने. हे दोघांनाच ठाऊक होतं. ती बोलली नाही, आणि तोही बोलला नाही. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. पण ज्याला आपल्या घरातली ढोली ओळखता येत नाही त्याच्या शब्दावर गाव जागा कशी ठरवणार, ही भीती त्याला खाई. पार्ट वाचवायला त्याने बायकोला पुढे केलं, आणि हे त्याला माफ करणं आजही जड जातं.

दिवाळीनंतर मंडळाने शाळेचं मैदान ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गोमाजी विळा घेऊन बांधीत शिरला. दाण्यात नुकतंच दूध भरलेल्या लोंब्या, आणि हा त्या कापून मंच करणार होता. वच्छला मागोमाग आली आणि तिने त्याचा हात धरला.

"दुधातला धान कापता काय? बांधी गेली तं जाऊ द्या. तुमचा गळा तं नाई गेला ना? दुसरी जागा पाहा."

मग दोघं निघाली. शाळेच्या मैदानात ती कुंपणाशी उभी राहिली, पण तिचा हात काही वर झाला नाही. आणखी दोन जागा बाद झाल्या. शेवटी बांधीला लागूनच, तळ्याच्या पाळीच्या म्हणजे बांधाच्या खाली, त्यांचं खळं होतं तिथे दोघं आली. मंच खळ्यावर, लोक पाळीच्या उतारावर. तोवर गंमत बघायला टेकचंद आणि निम्मं गाव पाळीवर जमलं होतं. वच्छला सगळ्यांच्या मागे, अगदी वर जाऊन उभी राहिली. गोमाजी खळ्यात मंचाच्या जागी उभा राहिला आणि बोलला.

"वच्छले, बी म्याच काढलं होतं. भारीच्या ढोलीतून. तू नोहे. अन् महिनाभर म्या तुले लोकायची बोलनी खाऊ देल्ली."

वच्छलाचा हात हळूहळू वर गेला आणि तसाच डोळ्यांना पदर लावायला खाली आला. टेकचंदने घसा खाकरला. जागा पक्की, एवढंच बोलून तो उतरला.

त्या वर्षीसारखं नाटक पुन्हा झालं नाही. मंचामागे खरा धान उभा, म्हणून रानाचा पडदा लावलाच नाही. राणीला राज्याची सुबत्ता दाखवताना टेकचंदने मागे वळून त्या धानाकडे हात केला आणि अख्ख्या पाळीने टाळ्या पिटल्या. तो धान कुणाच्या चुकीचा, हे तोवर सगळ्यांना माहीत होतं.

पुढे आठ वर्षं नाटक खळ्यावरच झालं. मग बाहेरून कंपन्या येऊ लागल्या. त्यांच्याजवळ फळ्यांचा मंच आणि चारी बाजूंना भोंगे. सडकेला लागून असेल ती जागा त्यांना चाले, आणि कुणाचा घसा कुणी विचारेना. गोमाजीने तक्रार केली नाही. मंडईच्या आधी एक दिवस मात्र तो वच्छलाला घेऊन खळ्यावर जायचाच.

अठ्ठ्याऐंशीत वच्छलाचे कान पार गेले होते. काठी टेकत ती पाळ चढली आणि आपल्या जागी उभी राहिली. ऊन चटकत होतं. गोमाजी खळ्यातून म्हणाला, "उन्हात नोको उभी राहू. सावलीत ये." तिने हात वर केला आणि जागची हलली नाही. तो धापा टाकत वर गेला. काय ऐकलंस, म्हणून त्याने हाताने खूण करून विचारलं.

"तेच," वच्छला म्हणाली. "बी तुमी काढलं म्हनून."

गोमाजी तिच्याशेजारी पाळीवर बसला. दोघं बराच वेळ तिथेच, उन्हातच बसून होती.