राजा विसरला, चला पुढं

द्वारकाकाकू नाटक वाचून दाखवायच्या आणि नेमका मधला प्रवेश गाळायच्या. तो आला की तेवढी पानं एकदम उलटायच्या अन् म्हणायच्या, "राजा विसरला. चला पुढं."

नगरला आमच्या शेजारी त्या भावाकडे राहत. लढाईची वर्षं, घासलेटाला रांगा. दुपारी गल्लीतल्या बायका काकूंच्या ओट्यावर डाळ निवडायला, वाती वळायला जमायच्या. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं लागली ती काकूंच्या मांडीवरच्या त्या फाटक्या पुस्तकावरून. नाटक जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. राजा रानात एका मुलीशी लग्न करतो, अंगठी देऊन जातो, आणि ती दरबारात येते तेव्हा तिला ओळखत नाही. शेवटी दोघं भेटतात. काकू लग्न वाचायच्या, शेवटची भेट वाचायच्या. दरबार तेवढा नाही.

दूध घालणारी भागाबाई पायरीवर बसून ऐकायची. ती श्रीगोंद्याकडची. तिला हे काही पटेना.

"काकू, आत्ताच तर लगीन झालं अन् आत्ताच पाया पडून माफी मागतोय. आवं, क्येलं काय त्यानं?"

"विसरला."

"इसरला म्हंजी? म्हसरू हाय का बायकू? कुनाम्होरं इसरला, काय बोलला, ती काय बोलली, त्ये सांगा की! त्याबिगर रडू कसं यावं मान्साला?"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. "फार चिकित्सक गं तू भागा. चला पुढं."

सबंध नाटक त्या एका प्रवेशावर उभं आहे, हे मला भागाबाईनं शिकवलं, बरं का. तो काढला तर लग्नही पोकळ आणि भेटही पोकळ.

घरी आई म्हणाली, "तो प्रवेश वाचा म्हणून काकूंच्या मागं लागू नका कुणी." मग कारण सांगितलं. काकूंचा नवरा पुण्यात कचेरीत होता. त्यानं दुसरी घरात आणली. काकू वडिलांना घेऊन कचेरीत गेल्या, तर सगळ्या कारकुनांसमोर म्हणाला, "या बाई कोण? मी ओळखत नाही यांना." वडील तसेच परत घेऊन आले. त्याला वर्षं लोटली. तरी काकू कुंकू लावायच्या, हिरव्या बांगड्या भरायच्या, पुण्याची मोटार यायच्या वेळेला वेणी घालून ओट्यावर बसायच्या. कुणी टोचून बोललं तर म्हणायच्या, "शेवट वाचलाय मी."

एका दुपारी त्यांचे धाकटे दीर आले. ओट्याखालीच उभे राहिले. "वहिनी, दादा गेले. परवाच. सगळं उरकलं." पाणीही न घेता निघून गेले.

काकू डाळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. भावजयीनं हंबरडा फोडला. दोघी वडीलधाऱ्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या, तशी काकूंनी हात मागं घेतला.

"थांबा," म्हणाल्या. "पुस्तक दे गं."

मी दिलं. त्यांनी तो प्रवेश काढला. त्या पानांना दुमडही पडलेली नव्हती. पंचांगातली तिथी वाचावी तशा आवाजात वाचायला लागल्या. राजा विचारतो, ही कोण? ती आठवणी सांगते, तो मान हलवतो. ती म्हणते, थांबा, खूण दाखवते. बोटाकडे हात नेते. बोट रिकामं.

तिथं काकू थांबल्या. "हिची अंगठी पाण्यात पडली होती," म्हणाल्या. "माझ्या तर गळ्यात होतं."

मग उरलेलं वाचलं, ती दरबारातून बाहेर जाते तिथपर्यंत. कुणी रडलं नाही. भावजयसुद्धा नाही. मला तर काहीच वाटेना. वातीचा कापूस बोटांत होता तोही कळत नव्हता.

भागाबाई हळूच म्हणाली, "काकू, आता म्होरलं वाचा. भेटत्यात न्हवं ती?"

काकूंनी पुस्तक मिटलं. बांगड्या स्वतःच एकेक करून उतरवल्या. एकही फुटली नाही, हात तेवढे वाळले होते. सुपातच ठेवल्या, डाळीशेजारी.

त्या आता "चला पुढं" म्हणतील म्हणून मी तोंडाकडे बघत होते. म्हणाल्या नाहीत. बांगड्या बाजूला सारल्या आणि उरलेली डाळ निवडायला घेतली.