दिगूच्या मागावरचं कापड

सन १९७६. मी तेहतीस वर्षांचा होतो. आज जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, ती जाईपर्यंत नाही. सांगायचं म्हणून दोनदा तिच्यासमोर तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं.

माझं शिक्षण तिसरी. लिहिण्यात चुका निघतील, त्या काढा. मजकुरात चूक नाही.

सोलापुरात एका गिरणीत मी माग चालवायचो. आमच्या गिरणीचा बास्केटबॉलचा संघ होता. हसू नका. कुस्तीच्या गावात हा खेळ कुठून आला, तर आमच्या जुन्या साहेबाला नाद होता. रुईच्या गोदामामागं सिमेंटचं मैदान, दोन टोकांना खांब, वर लोखंडी कड्या. खेळाडूंना गिरणीत नोकरी द्यायचे, ती खेळण्यासाठीच. हजेरी खात्यात लागायची, घाम मैदानात गळायचा.

मग त्यांचे माग कोण चालवायचं? आम्हीच की! शेजारच्यानं सांभाळायचे, अशी रीत होती. कागदावर कुठंच नाही, पण सगळ्यांना ठाऊक.

माझ्या शेजारचे दोन माग दिगूचे. करमाळ्याकडचा पोरगा, तेवीस-चोवीसचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा उंच. दुपारी एकला माझ्या खांद्यावर थाप मारायचा, "अण्णा, बघताय न्हवं?" आणि जायचा. सुट्टी होईस्तोवर मी चार माग चालवायचो. तो माझ्या शेजारी आल्यापासून दोन वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी चहासुद्धा पाजला नव्हता. मला त्याचा अभिमान होता. त्यानं चेंडू कडीत टाकला की मी शेजारच्याला म्हणायचो, त्यात निम्मा हात माझा आहे.

तो हंगाम वाईट गेला. किती वाईट? सात सामन्यांत सहा हरलो. मी एकही चुकवला नाही. बारदान टाकून पहिल्या ओळीत बसायचो, रिकामा डबा बडवायचो. नियम मला कुणी शिकवले नव्हते, पण पंचाची चूक मला पंचाआधी कळायची. बाहेरगावची माणसं ओरडायची, "सोलापूरकर, चादर पांघरून झोपा आता!" आमचीच माणसं दिगूला बोलायला लागली — "एवढा उंच वाढलास, वरून नुसता ठेव की रं त्यो चेंडू!" मी त्यांच्याशी भांडायचो. एकाची तर गचांडी धरली होती. दिगूसाठी.

शेवटून दुसरा सामना पुण्याच्या एका कारखान्याशी होता, रविवारी. एका गुणानं हरलो. शेवटचा चेंडू दिगूच्या हातात होता, तो कडीला लागून बाहेर आला. सोडा हो, चेंडू आहे, बाहेर येतो कधी. मी त्याला धीर द्यायला गोदामामागं गेलो. तिथं दिगू पुण्याच्या संघाच्या माणसाबरोबर उभा होता. हसत होता. आम्ही इकडं घसे बसवून घेतलेले, आणि हा हसत होता.

मी तसाच मागं फिरलो.

सोमवारी कँटीनमध्ये कळलं. दिगू पुण्याला चालला. तिकडं कायमची नोकरी. चार वर्षं झाली तरी आमच्या गिरणीत तो बदलीच होता, म्हणजे गरज लागेल तसा घेतलेला. फक्त गिरणीचा चांगल्या वागणुकीचा दाखला तिकडं द्यायचा होता. कँटीनमधल्या वाढप्याला हे माहीत. मला नाही.

एकला तो आला. मी मुद्दाम विचारलं, "काय दिगू, काय नवीन?"

"काय न्हाय अण्णा. रोजचंच की."

खांद्यावर थाप मारली आणि गेला.

ती थाप मला कशी लागली, काय सांगू! ज्याचे माग दोन वर्षं ओढले, ज्याच्यासाठी गचांडी धरली, त्यानं तोंडावर खोटं सांगावं? तुम्हाला वाटेल, एवढ्यात काय बिघडलं. बरोबर आहे. आता मलाही तसंच वाटतं. पण तेव्हा डोक्यात भट्टी पेटली होती.

तेवढ्यात त्याच्या एका मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, दोन तारा तुटल्या. अशा वेळी माग थांबवायचा, तार फणीतून ओवायची, गाठ मारायची. दोन मिनिटांचं काम. मी उभा राहून बघत होतो. माग चालत होता, आणि कापडावर उभी रेघ पडत चालली होती, विंचरल्यासारखी.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. म्हटलं असतं, लक्ष नव्हतं.

मी — कमरेची कात्री काढली. आजूबाजूला बघितलं. आणि आणखी चार तारा स्वतः कापल्या. अंतर ठेवून कापल्या, कुठून बघितलं तरी दिसावं म्हणून. सुट्टीपर्यंत तसंच विणलं. माझ्या दोन मागांवर त्या दिवशी एक डाग नव्हता. सुटायच्या आधी दिगूच्या तारा ओवून, गाठी मारून ठेवल्या. म्हणजे सकाळी त्याला काही दिसू नये. इतकं डोकं चाललं माझं.

गुरुवारी ते कापड घडी खात्यात, म्हणजे कापड तपासून घड्या घालतात तिथं, सापडलं. जुना साहेब केव्हाच बदलून गेला होता. नव्याला खेळ म्हणजे कामचुकारपणा वाटायचा. त्यात ते आणीबाणीचं वर्ष, युनियनवाल्यांच्या तोंडाला कुलूप. जॉबर, म्हणजे आमच्या ओळीचा मुकादम, आधी माझ्याकडं आला.

"सोमवारी दुपारी त्याचे माग तूच बघत व्हतास न्हवं?"

खरं बोललो असतो तर? एकाचं काम दुसऱ्यानं केलं म्हणून कदाचित दोघंही घरी गेलो असतो. कदाचित तो वाचला असता. मी हिशेब केला नाही, लगेच बोललो.

"न्हाय. त्यो सोताच हुता मागावर."

जॉबर तसाच साहेबाकडं गेला.

संध्याकाळी खात्यात बातमी आली. दिगूला काढलं. टेबलावर कापड पसरून साहेबानं विचारलं, हे कुणी विणलं, तर म्हणे "मीच". दाखला मिळाला नाही. दाखल्याशिवाय पुण्याचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. कुणी सांगायला लागलं की उठून जायचो.

त्या रात्री मी जेवलो, झोपलोही. तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या भोंग्याला मी मागावर उभा होतो. आठच्या सुमारास दिगू आपलं सामान न्यायला आला. कात्री, डबा, एक टॉवेल. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखायचो. तो माझ्या मागापलीकडं येऊन थांबला. मी वर बघितलं. त्यानं सावकाश ओठ हलवले, मला नीट कळावं म्हणून.

"अण्णा, तुमचं नाव न्हाय घेतलं."

त्याला वाटत होतं, माझ्या हातून चूक झाली.

मला सगळं कळलं. मी न कळल्यासारखं केलं. मान वळवली, माग थांबवला आणि तुटलेली तार ओवायला खाली वाकलो. तो जाईपर्यंत वाकूनच राहिलो. एकही तार तुटलेली नव्हती.