गच्चीवरची क्लॅरिनेट

मी नववीत असताना काका फौजेतून निवृत्त होऊन आष्ट्याला घरी आले आणि त्यांनी ट्रंकेतून एक काळी पेटी काढली. आत क्लॅरिनेट होती. काका पलटणीच्या बँडमध्ये होते खरे, पण मोठा ढोल वाजवायचे. ही क्लॅरिनेट त्यांच्या दोस्तानं निरोपाच्या वेळी दिलेली.

"मला यातलं काय बी कळत न्हाई," काका म्हणाले, "पर घरात कुणीतरी वाजवाय पायजे."

घरात पोर म्हणून मी एकटीच होते. झालं, ठरलं.

शिकवायला काकांनीच साताऱ्याच्या एक ताई शोधल्या. त्या मोबाईलवर शिकवायच्या. आमच्या घरात रेंज नव्हती, म्हणून शिकवणी गच्चीवर. पाण्याच्या टाकीला टेकवून फोन उभा करायचा आणि समोर पाटावर मी.

पहिल्या दिवशी मी फुंकलं, तर नुसती हवा. पुन्हा जोर लावून फुंकलं, तर अशी किंचाळी निघाली की आई हातात उलथनं घेऊन वर पळत आली.

"काय झालं गं? रानडुक्कर शिरलं का उसात?"

ताई इतक्या हसल्या की त्यांचा फोन पडला आणि मला बराच वेळ त्यांच्या घरातला पंखाच दिसत राहिला. फोन उचलून त्या म्हणाल्या, "माझाही पहिला आवाज असाच होता. आता गाल फुगवू नकोस. तोंडाकडच्या वेताच्या पत्तीवर ओठ अलगद ठेव."

ठेवले. आणि एक गोल, जाड, गोड सूर निघाला. मी क्लॅरिनेट खाली ठेवून गच्चीला दोन चकरा मारल्या.

खालचे सूर जमले तरी वरचे येईनात. सगळी भोकं बोटांनी नीट झाकायची, अंगठ्यानं मागची कळ दाबायची; एक बोट जरा सरकलं की पुन्हा रानडुक्कर. एका संध्याकाळी अचानक सूर सरळ वर चढला. "आला! आला!" ताई ओरडल्या. काका इतके खूश झाले की त्यांनी रिकाम्या टाकीवरच ताल धरला.

"काकांना सांग, लय धावतेय," ताई म्हणाल्या.

"लय धावतीया?" काकांची छाती फुगली. "आवं, ही तर सुरुवात हाय!" आणि त्यांनी हात आणखी जोरात चालवला. ताईंनी पलीकडे कपाळावर हात मारला. मला हसताना उचकी लागली.

दिवाळीच्या सुट्टीत काका मला एस.टी.नं साताऱ्याला घेऊन गेले. तोवर ताई आणि मी एकत्र असं कधी वाजवलंच नव्हतं. फोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळं त्या वाजवायच्या तेव्हा मी ऐकायचं आणि मी वाजवायचे तेव्हा त्यांनी.

दार उघडलं तर ताई माझ्या खांद्याला लागत होत्या. फोनमध्ये मला त्या चांगल्या उंच वाटायच्या. "अगं, तू केवढी!" त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही केवढ्याशा!" माझ्या तोंडून निघून गेलं. काकांनी डोळे वटारले, पण ताई भिंतीला टेकून हसत होत्या.

मग शेजारी शेजारी बसून आम्ही एकच सूर धरला. आधी दोघींचे आवाज थरथरत एकमेकांवर आदळले. सूर जुळवायला ताईंनी माझ्या क्लॅरिनेटचा वरचा सांधा जरासा ओढला, म्हणाल्या, "आता." दोन्ही सूर असे मिसळले की माझा कुठला नि त्यांचा कुठला, मला कळेना. अंगावर काटा आला आणि हसूच फुटलं. हसऱ्या ओठांनी क्लॅरिनेट वाजत नाही. माझं बघून ताईंनाही हसू आवरेना. चारपाच वेळा तसंच झालं, तेव्हा कुठं एक अख्खी चाल पार पडली. काका सोफ्यावर ताठ बसून ऐकत होते; संपल्यावर उभे राहिले आणि आम्हाला कडक सॅल्यूट ठोकला.

येताना एस.टी.त मला गप्प बसवेना. काकांच्या दंडावर बोटं ठेवून मी सगळी चाल पुन्हा पुन्हा वाजवत होते. कराडपर्यंत त्यांनी सोसलं.

"आगं, गुदगुल्या हुतात की!" ते ओरडले, आणि हसत हसत दुसरा दंड पुढं केला.