आईच्या नेमावर मारलेला शिक्का

सांगलीच्या त्या वकिलाची सनद रद्द झाली तेव्हा मी साताऱ्यात, आमच्या ऑफिसात, पेढे वाटले. मुलाचं लग्न ठरलं का, असं कुणी तरी विचारलं. म्हटलं, नाही, एकाचं दुकान बंद पाडलं.

आई चातुर्मासात गावची शीव ओलांडत नाही. माझ्या बाळंतपणालाही ती चातुर्मास संपल्यावरच आली, मी रुसले होते तरी. गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, तिच्या शब्दाला मान होता तो या नेमामुळे.

त्या श्रावणात काका घरी आले आणि विहिरीच्या वीजजोडणीचा कागद म्हणून आईची सही घेऊन गेले. तो निघाला नदीकाठच्या मळीच्या रानाचा, काकांच्या नावचा मुखत्यारनामा. त्यावर या वकिलानं नोटरी म्हणून शिक्का मारला होता: सदर बाई सांगली येथे माझ्यासमोर हजर झाल्या, मजकूर समजून घेऊन सही केली. त्यानं आईला जन्मात पाहिलं नव्हतं.

काकांनी तो कागद गावभर दाखवला. बस्तीत बायका कुजबुजायला लागल्या. शिक्क्याचा कागद, तो खोटा कसा असेल? आई घरी आली ती ताटावर बसलीच नाही.

"रान गेलं तर जाऊ दे गं," ती म्हणाली. "पर मी नेम मोडला म्हणत्यात."

काकांशी भांडायला कोर्ट होतं. पण त्याआधी मला हा शिक्केवाला हवा होता. वकिलांच्या शिस्त समितीकडे मी तक्रार केली. बाईमाणूस आहे, दमेल, असं तो लोकांत म्हणायचा. मी रजा काढून प्रत्येक तारखेला त्याच्या समोर जाऊन बसायचे. मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. कुणी तरी शिकवून पाठवल्यासारखा तो वकील गावी आमच्या सोप्यात हात जोडून उभा राहिला.

"आक्का, चुकलं. ढिगानं कागद येतात, कुणाकुणाला समोर बोलवायचं? क्षमा करा."

"केली," आई म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग त्यानं पिशवीतून कागद काढला. "आता तक्रार नाही, असं लिहिलंय. तेवढी सही करा."

या खेपेला आईनं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं.

"वकीलसाहेब, मी आज परत सांगलीला जाऊन आले व्हय?"

खाली त्याच्या मित्राचा नोटरीचा शिक्का आधीच मारलेला होता. बाई सांगली येथे समक्ष हजर होत्या, सही केली. सहीची जागा अजून कोरीच होती.

त्यानं झटकन हात पुढं केला. त्याच्या आधी मी कागद उचलला आणि पर्समध्ये घातला.

"अगं, मी क्षमा केलीया त्यांना," आई म्हणाली.

"तू केलीस. मी न्हाई."

तो कागद पाहिल्यावर समितीला फार विचार करावा लागला नाही. बाई सांगलीत आल्याच नव्हत्या, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं. तेवढी ओळ मी बस्तीत सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं वाचली. आई मान खाली घालून बसली होती. मी मात्र कुजबुजणाऱ्या एकेकीच्या डोळ्यांत बघत ती पुन्हा वाचली.